बुद्धप्रियाच्या हातची बोटं

शिरूर अनंतपाळच्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत ड्रॉइंग शिकवलं. परीक्षा जवळ आली की गणिताच्या सरांनी मागून न्यायचा तास म्हणजे ड्रॉइंगचा तास. मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसायची ती बहुतेक दहावीच्या वाढीव गुणांसाठी. त्यात चूक काही नाही, गुण कुणाला नको असतात? पण एक पोरगी अशी निघाली की तिला या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात हे मी सांगेपर्यंत माहीतच नव्हतं. ती बुद्धप्रिया. रामकिशन सोनकांबळे या गवंड्याची थोरली लेक.

रामकिशन आणि त्याची बायको सरजाबाई दोघंही बांधकामावर जायचे. सुट्टीच्या दिवशी पोरगीही सोबत असायची. आठवीत असताना एकदा तिनं दप्तरातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. फडकं सोडलं तर आत एक हात. छताच्या कामात उरलेल्या पीओपीचा, मनगटापर्यंतचा. घमेल्याची कड धरल्यासारखी बोटं वळलेली आणि करंगळी जराशी बाहेर वाकलेली.

"साच्यात ओतलास का गं?"

"न्हाई सर. चमच्यानं कोरला. मायचा हाय."

पुढच्या पालक सभेला सरजाबाई आल्या. सही करायला त्यांनी पेन हातात घेतलं आणि मी त्यांच्या करंगळीकडेच बघत राहिलो. तशीच बाहेर वाकलेली होती.

त्यानंतर मी तिला शाडूची माती आणून देऊ लागलो. शाळा सुटल्यावर ती वर्गात बसायची आणि पोरांची नाकं, कान, हनुवट्या करायची. पोरं हसायची, मग आपापलं नाक ओळखून गप्प व्हायची. इंटरमिजिएटला तिला 'ए' श्रेणी मिळाली, पण तिचं मन चित्रात नव्हतं, मातीत होतं.

बारावीचा निकाल लागायच्या आधी रामकिशन माझ्या घरी आला. दारातच उभा राहिला. मी आत बोलावलं तेव्हा पायातल्या चपला काढून खुर्चीच्या टोकावर टेकला.

"सर, पोरीला नर्सिंगला टाकावं म्हणून राहिलो. ती म्हणते मूर्ती करायचं शिकणार. तुम्हीच खरं सांगा. ह्याच्यात नौकरी हाय का?"

मी त्याला खरंच सांगितलं. माझ्या वेळी नांदेडला आर्ट टीचर डिप्लोमा केला की शाळेत जागा मिळायची, मलाही तशीच मिळाली. आता ड्रॉइंग मास्तरांच्या जागा निघत नाहीत. डिप्लोमा हातात घेऊन वर्षानुवर्षं थांबलेली पोरं माझ्या ओळखीची आहेत. पण मास्तरकी हा एकच रस्ता नाही. बारावीनंतर सीईटी द्यायची, मग चार वर्षांची पदवी. चित्रकलेतून पुढे गेलेली पोरं ॲनिमेशनमध्ये आहेत, जाहिरातीत आहेत, पुस्तकांची चित्रं काढतात, कापडाचे नमुने करतात. शिल्पकलेवाली सिनेमाचे सेट बांधतात, म्युझियममध्ये काम करतात. "महिन्याच्या महिन्याला पगार येईलच असं मी म्हणत नाही," मी म्हणालो. "पण तिच्या हातात जे आहे ते मी इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणात पाहिलं नाही."

रामकिशननं मान हलवली, पण त्याला पटलं नव्हतं. मी म्हणालो, "एकदा कॉलेज बघून तरी येऊ."

आपल्याकडे लातूर-नांदेडात चित्रकला शिकवणारी कॉलेजं आहेत, पण शिल्पकलेचा विभाग मिळाला तो पुण्याला. आम्ही तिघं गेलो. रामकिशनचा चेहरा वाटभर ताणलेला. कॉलेजच्या इमारतीत तो भिंतीच्या कडेकडेनं चालत होता. भिंतीवर लावलेल्या चित्रांकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. मग आम्ही मागच्या शेडमध्ये गेलो. तिथं कोपऱ्यात सिमेंटच्या गोण्या, तारेची भेंडोळी, लोखंडी सळया, वाळूची चाळणी, भिजत घातलेली माती. एक मुलगा घमेल्यात प्लास्टर कालवत होता. रामकिशन थांबला. मुलाच्या हाताकडे बघत राहिला आणि न राहवून म्हणाला, "बाळा, पाणी आधी घे, मग वरून पूड सोड. गुठळी होणार न्हाई."

मुलगा हसून म्हणाला, "काका, आमचे सरही हेच सांगतात."

रामकिशन माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण कुठच्या कुठे गेला होता. "सर, ही तर माझीच कामं हायती की! मला वाटलं, पोरगी कुठल्या भलत्याच दुनियेत चालली."

प्रवेश झाला. शिष्यवृत्ती मिळाली, वसतिगृह मिळालं. वर्गात मुली मोजक्याच होत्या. वेल्डिंग करायचं, मातीचे गोळे उचलायचे, सळईचा सांगाडा बांधायचा. दुसऱ्या वर्षी तिनं एका म्हाताऱ्या माळ्याचं डोकं केलं. दोन आठवडे खपून केलेलं ते डोकं सकाळी येऊन बघते तर मानेपासून खाली घसरून पडलेलं. तिनं मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती, चिडली होती. "सर, मातीला आतून पकड कमी पडली. आता आत लाकडाचे तुकडे तारेनं लोंबते सोडून बघते." तिनं ते डोकं पुन्हा उभं केलं आणि वार्षिक प्रदर्शनात ते दाराशीच ठेवलं होतं.

शेवटच्या वर्षी कॉलेजात एक बाई व्याख्यानाला आल्या. त्या शिल्पकारच, पण पुतळे करत नव्हत्या. अपघातात, कॅन्सरमध्ये ज्यांचं नाक, कान, बोट गेलं, त्यांना सिलिकॉनचं नवं करून देत होत्या. त्यांनी एक कान टेबलावर ठेवला. वर्गातल्या दोघी-तिघींनी अंग चोरलं. बुद्धप्रियानं तो उचलला, उजेडाकडे धरला, आतली लाल शीर बघितली. पदवी मिळाल्यावर बरोबरीचे कुणी ॲनिमेशनला गेले, कुणी सेटवर. ही त्या बाईंच्या पुण्यातल्याच प्रयोगशाळेत गेली. कातडीचे रंग एकावर एक कसे चढवायचे, नख वेगळं करून कसं बसवायचं, जोड कसा झाकायचा, हे शिकली. आणि मग सगळ्यांनी नको म्हटलं असताना आपल्या भागात, नांदेडला आली.

"पुण्यात काम हाय, मग इकडं कशाला?" सरजाबाईंनी विचारलं.

"माय, तिथं येणारे अर्धे लोक आपल्याच भागातले असतात. सोयाबीनच्या मशीनमधी बोटं गेलेले. एवढ्या लांब एकदा येतात आणि पुन्हा येत न्हाईत."

डॉक्टर लेनच्या मागे प्लास्टिक सर्जन असलेल्या डॉ. उज्वला यांच्या दवाखान्यात तिला एक खोली मिळाली. सुरुवातीला महिन्यात एखादं माणूस यायचं. उरलेल्या वेळात ती एका शाळेत क्राफ्ट शिकवायची. एका शिपायाचा कान केला, एका ड्रायव्हरचं बोट केलं. लोक सांगू लागले तसे लोक येऊ लागले.

चांगुणाबाई आल्या त्या इस्लापूरहून. मळणीच्या वेळी मशीनमध्ये उजव्या हाताची तीन बोटं गेलेली. तेव्हापासून तो हात पदराखाली. बसमध्ये तिकीट डाव्या हातानं घ्यायच्या, कुणी पाया पडायला आलं तर नुसतीच मान हलवायच्या. आता लेकीचं लग्न ठरलं होतं.

"मावशी, ही बोटं वाकणार न्हाईत," बुद्धप्रियानं आधीच सांगितलं. "कापूस वेचता येणार न्हाई. दिसतील, हलकं काही धरता येईल. झोपताना काढायची, साबणानं धुवायची."

"काम तर मी दोन बोटांनी करूनच राहिले ना," चांगुणाबाई म्हणाल्या. "मला चार बायांत हात काढायचा हाय."

बोटं करायची तर कुणाच्या तरी बोटांचं माप लागतं. तिनं दवाखान्यातल्या एका नर्सच्या बोटांवरून साचा घेतला. मापाला ती बरोबर बसत होती. आठवडाभर खपून सुंदर बोटं केली. मी त्या दिवशी योगायोगानं तिथंच होतो. चांगुणाबाईंनी ती घातली, हात पुढं धरला, उलटा केला, सुलटा केला. आणि काढून टेबलावर ठेवली.

"लई चांगली हायती बाई. पण माझी न्हाईत. ही बसून खाणारीची बोटं हायती. लोक म्हणतील, चांगुणानं कुणाची तरी बोटं उसनी आणली."

मला वाटलं पोरगी हिरमुसणार. ती त्यांच्या डाव्या हाताजवळ खाली बसली. तो हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ बघत राहिली. "मावशी, तुम्हाला बहीण हाय का?"

"हाय की. अयोध्या. माझ्यापाठची."

पुढच्या आठवड्यात बुद्धप्रिया स्वतः इस्लापूरला गेली. अयोध्याबाईंच्या बोटांचा साचा तिनं त्यांच्याच ओसरीवर घेतला. मग दिवसभर बायांबरोबर कापसाच्या रानात फिरली. बोंडाची टोकं लागून नखांच्या कडेला कसे चरे पडतात, पेरावरचा रंग उन्हानं कुठं काळवंडतो आणि तळव्याकडं कुठं उजळ राहतो, हे बघत राहिली. रंगाच्या बाटल्या सोबत नेल्या होत्या. बांधावर बसून हाताशेजारी रंग लावून बघायची. बाया हसायच्या, "आमचे हात काय बघता मॅडम, बघण्यासारखं काय हाय त्यात?"

"हायच की," ती म्हणायची.

दुसऱ्यांदा केलेली बोटं सुंदर नव्हती. एका नखाला चीर होती, मधल्या पेरावर घट्टा होता, रंग सावळा आणि ठिकठिकाणी वेगळा. जोड झाकला जावा म्हणून तिनं तिथं चांगुणाबाईंची जोडव्यासारखी जाड अंगठी बसेल अशी जागा ठेवली होती. चांगुणाबाईंनी ती घातली. दोन्ही हात मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. काही वेळानं डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं चाचपली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आली गं बया परत."

निघताना बुद्धप्रियानं बजावलं, "मावशी, एक सांभाळा. हळदीत हात घालू नका. सिलिकॉनला हळद लागली की निघत न्हाई."

चांगुणाबाईंनी हो म्हणून मान हलवली.

लग्न झाल्यावर महिन्याभरानं त्या आल्या. सोबत लाडवांचा डबा होता. दारातूनच हसत होत्या. पदर खांद्यावर, हात मोकळा, आणि तिन्ही बोटं पिवळीधम्मक.

"मावशी!" बुद्धप्रिया ओरडलीच.

"रागवू नको गं. लेक समोर पाटावर बसलेली, हळदीची वाटी पुढं आली. डाव्या हातानं कशी लावू? घातला हात. लेक रडाया लागली, म्हणली, माय, तुझा हात कवा धरला होता ते आठवतच न्हाई."

"थांबा, मी दुसरी करून देते. साचा हाय माझ्याकडं, पैसे देऊ नका."

"न्हाई, न्हाई." चांगुणाबाईंनी हात मागे घेतला. "बाकीच्या बायांची हळद दोन दिवसांत गेली. माझी राहिली. राहू दे. गावात दाखवून राहिले मी."

त्यानंतर किनवट, माहूर, मुखेड, उदगीरकडून माणसं यायला लागली. आता तिच्या खोलीच्या दोन खोल्या झाल्यात. नांदेडच्या चित्रकला महाविद्यालयातल्या दोन मुली तिच्याकडे काम शिकायला येतात. त्यातली एक रंगात बुद्धप्रियापेक्षाही सरस आहे, असं बुद्धप्रियाच सगळ्यांना सांगते. कृत्रिम डोळा कसा करतात ते शिकायला बुद्धप्रिया मध्यंतरी हैदराबादला जाऊन आली. रामकिशन अधूनमधून येतो, साच्यांचं प्लास्टर कालवून देतो आणि आलेल्या माणसांना न विचारता सांगतो, "माझी लेक हाय ती. शिकलेली शिल्पकार हाय."

गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा एका तरुणाला बसवलेल्या सिलिकॉनच्या कानाला रंग देणं चालू होतं. तिनं मान वर न करता मला बसायला सांगितलं. सकाळच्या उन्हात कान बघायचा म्हणून तिनं त्याला खिडकीशी बसवलं होतं. अगदी बारीक ब्रशनं ती कानाच्या पाळीवर लाली चढवत होती. तो तरुण जराही हलत नव्हता. समोर आरसा होता, पण तो अजून बघायला तयार नव्हता.

"झालं," ती म्हणाली. "आता बघा."

त्यानं बघितलं. मग डोक्यावरची टोपी, जी कानावर ओढूनच तो आला होता आणि रंगापुरती वर सरकवली होती, ती काढली आणि मांडीवर ठेवली. मी खुर्चीत जरा ताठ बसलो. माझी विद्यार्थिनी, मनात म्हणालो, आणि मग तिच्या हाताखालच्या त्या दोन मुलींना मोठ्यानंही सांगितलं.