आवाजाचा लेसर

अचलपूरच्या एका कॉलेजात देवमन वानखडे सरांनी एकतीस वर्षं फिजिक्स शिकवलं. शिकवायचे चांगलं, पण जीभ तिखट. निवृत्तीनंतर ते अकोल्याला मुलाकडे राहायला आले. तिथल्या वाचनालयात एका विज्ञान मासिकाचा जुना अंक चाळताना ते एका पानावर अडले.

एकच आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, विद्युतक्षेत्राच्या पिंजऱ्यात अडकवायचा. एका लेसरनं त्याची थरथर आवरायची, दुसऱ्यानं तिला जोर द्यायचा. जोर एका मर्यादेपलीकडे गेला की अणू वेडावाकडा न हलता एका ठेक्यात झुलू लागतो. लेसरमध्ये उजेडाच्या लाटा अशाच एका ठेक्यात चालतात, आणि ध्वनी म्हणजे तरी कंपनंच. म्हणून त्याला ध्वनीचा लेसर म्हटलं होतं.

सरांना आरती ढोले आठवली. वीस-बावीस वर्षांपूर्वी, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला तिनं विचारलं होतं, "सर, उजेडाचा लेसर होते, तं आवाजाचा काहून नाही होत?"

"होते ना! तुया गावच्या लग्नात बेंजोवाल्यापाशी पाय," सर म्हणाले होते.

वर्ग किती तरी वेळ हसत होता. आरतीनं पुन्हा कधी काही विचारलं नाही. पुढच्या वर्षी तिनं आर्ट्‌सला नाव घातलं. सरांनी चौकशीही केली नव्हती.

एका जुन्या विद्यार्थ्याकडून पत्ता काढून, पानाची झेरॉक्स घेऊन सर मोर्शीला गेले. आरती तिथं संत्र्याच्या कलमांची नर्सरी चालवत होती. तिनं ओळखलं, खुर्ची दिली, कागद वाचला.

"हे मी इचारलं होतं?" ती म्हणाली. "मले प्रश्न नाही आठवत, सर. पोरं हासली, तेवढं आठवते."

"माह्यं चुकलं, आरती. मले उत्तर येत नव्हतं. तसंच सांगायले पायजे होतं."

"मी एम.एस्सी. करीन म्हणत होती. बाबाही तयार होते. तुमी तवा घरी आले असते ना सर, तं मी परत आली असती."

तिनं कागदाची घडी घातली.

"नर्सरी चांगली चालून राहिली," ती म्हणाली. "तुमी चहा घेऊन जा. मी कलमाचे एवढे डोळे बांधून घेतो, नाहीतर वाळून जातीन."

ती कलमांपाशी जाऊन बसली. फांदीवरून काढलेला एकेक कोवळा डोळा रोपाच्या सालीत सरकवून वरून पट्टी गुंडाळू लागली. चहा आला. सर तिचे हात पाहत राहिले, आणि चारच्या गाडीनं परत निघाले.