तिरडीवरची नाडी

त्या साली रनाळ्यात पटकीची साथ आली, तेव्हा मी दवाखान्यात नवी नर्स होते. माणूस गेला हे सांगणं डॉक्टरांचं काम. गेलेल्याचं अंग फिनेलनं पुसून द्यायचं, ते माझं.

एका घरी डॉक्टर दारातूनच "संपलं" म्हणाले आणि पुढच्या घरी गेले. मी आत पोचले तोवर म्हाताऱ्याला तिरडीवर बांधलंसुद्धा होतं. अंग दगडासारखं गार. गळा पुसताना माझ्या बोटांखाली काहीतरी हललं. हातातलं फडकंच गळून पडलं.

"सोडा त्यांना! नाडी लागतेय!" मी ओरडले.

"डॉक्टर सांगी ग्या ना, बाप मरी गया!" मुलगा जागचा हलेना.

शेवटी दोऱ्या मीच सोडल्या. डॉक्टर धावत आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी शिरेतून मिठाचं पाणी चढवलं, आणि मी पाय चोळत बसले.

संध्याकाळी म्हाताऱ्यानं डोळे उघडले. उशाशी बसलेल्या बायकोच्या मोकळ्या मनगटांकडे तो बघत राहिला.

"तुन्ह्या बांगड्या कथा ग्यात?"

तिनं हात पदराखाली लपवले.