समोरच्या ओळीचा उजवा हात

माझ्या भाचीला लॉ कॉलेजात प्रवेश का मिळाला नाही, याचं कारण आमच्या नात्यागोत्यात आजही चुकीचं सांगितलं जातं. ते मीच पसरवलं होतं. आता मला सत्त्याहत्तर पूर्ण झाली, म्हणून खरं काय ते लिहून ठेवतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझ्या बहिणीची ही मुलगी सावनेरला बारावी करून आमच्याकडे नागपूरला राहायला आली. तिला बाहेरच्या राज्यातल्या एका लॉ कॉलेजची प्रवेश परीक्षा द्यायची होती. त्या परीक्षेत तर्काची कोडी असत. आठ वकील दोन ओळींत समोरासमोर बसलेत, अमक्याच्या उजवीकडे तमका, तर टोकाला कोण? असले प्रश्न आमच्या पिढीनं पाहिले नव्हते. पण मी शाळेत गणित शिकवायचो, त्यामुळे हे काम आपोआप माझ्याकडे आलं. बर्डीच्या बाजारातून एक जुनं पुस्तक आणलं. तिनं आधीच बघू नये म्हणून उत्तरांची शेवटची पानं फाडून शाळेतल्या माझ्या कपाटात ठेवली.

शाळा सुटली की आम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी एक ताट घेऊन बसायचो. चिंचोके म्हणजे वकील, चार पलीकडे, चार अलीकडे. उजवीकडे म्हटलं की दोन्ही ओळींत मी माझ्या उजव्या हाताला चिंचोका सरकवायचो. चौथ्या दिवशी ती अडली.

"मामा, समोरच्या ओळीतला आपल्याकडं तोंड करून बसला हाय. त्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूले येते."

"काहून?"

"पंगतीत वाढतो ना आम्ही. मीठ-लिंबू जेवणाऱ्याच्या डावीकडं, म्हणजे माह्या उजव्या हाताले."

मी जन्मभर पंगतीत बसून जेवलेला माणूस, वाढलं कधी नाही. आत पोळ्या लाटणारी बायको हसली, ते मला झोंबलं.

"तुले वकील व्हायचं हाय का वाढपी?" असं म्हणून मी चिंचोके परत माझ्या पद्धतीनं लावले. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. मी सांगितलं तसंच सोडवू लागली.

परीक्षेला आठवडा उरला असताना मी कपाटातली ती उत्तरांची पानं काढून ताळा केला. दोन ओळींची सगळी कोडी तिच्या रीतीनं जुळत होती, माझ्या रीतीनं एकही नाही. संध्याकाळी तिनं उत्तरं जुळली का म्हणून विचारलं, तेव्हा त्या पुस्तकात छपाईच्या चुका फार आहेत, असं मी सांगितलं. ‘तुझंच बरोबर होतं’ एवढंच म्हणायचं होतं.

निवड यादीत तिचं नाव आलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बसते म्हणाली. बहिणीनं माझं मत विचारलं. मी म्हणालो, पोरगी मेहनती आहे, पण असल्या प्रश्नांना लागतं ते डोकं तिला नाही. मास्तरचा शब्द म्हणून बहिणीनं तो खरा मानला आणि मरेपर्यंत तसाच मानला. दुसरा फॉर्म भरला गेला नाही. भाची बी.ए. झाली, तिचं लग्न झालं.

गेल्या दिवाळीत तिच्या घरी गेलो तेव्हा हे सगळं तिला सांगितलं. ती लसूण सोलत होती. हात थांबले नाहीत.

"पेपरात पहिले माह्या रीतीनं लिहिलं होतं," ती म्हणाली. "मग खोडून तुमच्या रीतीनं लिहिलं."

पुढची पाकळी उचलत म्हणाली, "यादी लागल्यावर सांगतलं असतं ना मामा, तरी चाललं असतं. मी पुन्हा बसली असती."

तिची मुलं हिशेबात चुकली की आईवर गेलो म्हणून हसतात. त्या दिवशीही हसली, आणि मी त्यांना खरं सांगितलं नाही. हे त्यांच्यासाठी लिहिलं आहे. उत्तरांची ती फाडलेली पानं मी अजून जपून ठेवली आहेत, ती सोबत जोडतो.