चुलीमागची भिंत

मित्रांनो, काडेपेटीएवढ्या घराच्या एका पांढऱ्या भिंतीला आज माझी अख्खी सकाळ गेली.

पवना धरणात बुडालेल्या गावाचं, साठच्या दशकात होतं तसं, लाकडी मॉडेल रंगवतोय. उद्या द्यायचंय. माझ्या ब्रशखाली डाग टिकत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. पण पातळ अ‍ॅक्रिलिकचे हात वाळवून वाळवून चढवले, तरी त्या भिंतीवर काळपट डाग वर येतच राहिला.

दुपारी त्या गावचे आबा बघायला आले. मी पुन्हा ब्रश उचलला, तर त्यांनी माझं मनगटच धरलं.

"ऱ्हाऊ दे. हितं आमची चूल व्हती. आई दर दिवाळीला चुना मारायची, तरी काळं वर यायचंच. तुला कुणी सांगितलं?"

कुणीच नाही.

आबांनी डागावर बोट ठेवलं आणि झटकन मागं घेतलं. "ऊन लागतंय रं, चुलीगत."

तुम्ही असता तर झाकला असता का तो डाग?

ते गेल्यावर तपासलं. लाकडातला डाग रंगाखालीच अडवणारा प्रायमर लावायची राहिलेली, सगळ्या गावात तेवढी एकच भिंत होती.