काचेच्या पेटीतलं जेवण

अजगर दवाखान्यात आला तेव्हा त्याच्या पाठीवर हाताच्या पंजाएवढी जखम होती आणि आतून दोन बरगड्या दिसत होत्या. मालकाने त्याला पलंगपोसात गुंडाळून आणलं होतं. टेबलावर गाठोडं ठेवून तो म्हणाला, "कशाने झालं कळत नाही. कुठेतरी घासलं असेल."

जखमेच्या कडेला दातांच्या बारीक खुणा होत्या. मी विचारलं, पेटीत उंदीर सोडला होता का? आधी तो नाही म्हणाला. मग म्हणाला, एक मोठी घूस सोडली होती, पण ती याने खाल्ली नाही, आणि आम्ही दोन दिवस बहारीनला गेलो होतो.

अजगर कात टाकायच्या बेतात होता. त्याच्या डोळ्यांवर दुधाळ पडदा आलेला होता. अशा वेळी सापाला धड दिसत नाही आणि तो काही खातही नाही. त्याच्याबरोबर दोन दिवस बंद पेटीत एक भुकेली घूस होती. तिला खायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तिने त्यालाच खायला सुरुवात केली. यात घुशीची काही चूक नव्हती.

मी जखम धुतली, शिवता येईल तेवढी शिवली, इंजेक्शन दिलं. हे करताना मला संताप येत होता. मी परभणीकडची. अडलेल्या म्हशींच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातलेली बाई. जनावरांचं दुःख मला नवं नव्हतं. पण तिथल्या माणसाला निदान आपल्या म्हशीचं दुखतंय हे कळायचं.

हा माणूस आमच्यातलाच होता. पुण्याचा, एका बांधकाम कंपनीत वरच्या हुद्द्यावर. कुवेत शहराच्या सलवा भागात त्याचा व्हिला होता आणि मराठी मंडळींत सगळे त्याला साहेब म्हणायचे. माझा नवरा हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. आम्ही त्याच भागात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायचो. मी ज्या दवाखान्यात काम करत होते तो एका कुवेती डॉक्टरांचा. तिथे मांजरं, पोपट आणि शिकारीचे ससाणे यायचे. अजगर तो पहिलाच.

मी साहेबांना नीट समजावून सांगितलं. यापुढे जिवंत काही सोडायचं नाही. आधी मारलेला उंदीर किंवा ससा, कोमट पाण्यात गरम करून, लांब चिमट्याने पुढे धरायचा. त्याने घेतला तर ठीक, नाही तर काढून घ्यायचा. साहेब हसले.

"डॉक्टरीणबाई, जंगलात त्याला कोण गरम करून वाढतं?"

मी म्हटलं, जंगलात घुशीला पळायला वाट असते, आणि याला भूक नसली तर हाही निघून जातो. तुमच्या पेटीत दोघांनाही दार नाही. त्यावर त्यांनी मान डोलावली, करतो म्हणाले, अजगर घेऊन गेले. टाके काढायला मात्र आले नाहीत.

उन्हाळा सुरू व्हायच्या आधी एका शुक्रवारी त्यांच्याकडे मंडळींचं जेवण होतं. आम्हालाही बोलावलं होतं. मसालेभात, श्रीखंड, पंचवीस-तीस माणसं. जेवणं होत आली तशी लोक दिवाणखान्याच्या टोकाला जमायला लागले. मला वाटलं, गाणं वगैरे असेल. जवळ गेले तर काचेची मोठी पेटी, आत तो अजगर, माझे टाके मांसात रुतलेले तसेच, आणि साहेबांच्या हातात कानांना धरून लोंबणारा पांढरा ससा.

त्यांनी तो वरून आत सोडला आणि झाकण लावलं.

ससा लगेच पळाला नाही. आधी त्याने काच हुंगली. मग कोपऱ्यात जाऊन पुढच्या पायांनी काच खरवडायला लागला. कुणीतरी म्हणालं, बघा बघा, याला कळलं. एका बाईने आपल्या लहानग्याला उचलून पुढे धरलं. साहेबांच्या बायकोने, आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो, हसत हसत काचेवर चमक येऊ नये म्हणून पडदे ओढले. अजगराने झडप घातली तेव्हा एकदम टाळ्या वाजल्या. ससे सहसा आवाज करत नाहीत. हा किंचाळला. आणि ते ऐकून लोक पुन्हा हसले, श्रीखंडाच्या वाट्या हातात घेऊन.

मी साहेबांना सगळ्यांसमोर विचारलं, तुम्हाला काय सांगितलं होतं मी? ते म्हणाले, आज पाहुणे आहेत, नंतर बोलू. मी म्हटलं, नंतर नाही. त्याच्या पाठीवरचे टाके तसेच आहेत. ज्याचे टाके काढायला तुम्हाला सवड नाही, त्याचा तमाशा करायला बरी सवड मिळते.

ते लोकांकडे वळून म्हणाले, "ढोरांच्या डॉक्टरला जेवायला बोलावलं की असं होतं."

पुन्हा हशा. माझा नवरा माझा दंड धरून मला बाहेर घेऊन आला. गाडीत तो म्हणाला, माणूस मोठा आहे, सगळ्यांच्या ओळखीचा आहे, तुला सशासाठी भांडायची काय गरज होती? मी सांगितलं, सशासाठी नाही. ससे आम्हीही मारतो, कोंबड्या आपण खातो. मरणाला माझी हरकत नाही, टाळ्यांना आहे. त्याला ते कळलं की नाही कोण जाणे. त्यानंतर मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाचं बोलावणं मला आलं नाही.

ऑगस्टात इराकी सैन्य शहरात शिरलं. दवाखान्याचे मालक डॉक्टर उन्हाळ्याच्या सुट्टीत बाहेर होते, ते बाहेरच राहिले. आपले लोक मिळेल त्या बसने बसरा, बगदाद करत जॉर्डनकडे निघाले. माझ्या नवऱ्याच्या हॉस्पिटलात माणसं इतकी कमी झाली होती की तो राहिला, म्हणून मीही राहिले. बसमध्ये जागा मिळाल्यावर साहेब एका दुपारी आमच्या दारात आले. आत न येताच त्यांनी व्हिल्याची किल्ली पुढे केली.

"तुमच्याशिवाय कुणाला सांगू? मागच्या अंगणात चार ससे आहेत. एकेक सोडत राहा."

सोडत राहा. तेव्हाही. किल्ली त्यांच्या तोंडावर फेकावी असं वाटलं. पण पेटीतला तो जीव त्यांनी ठेवला म्हणून तिथे होता, स्वतःहून आला नव्हता. मी किल्ली घेतली आणि दार लावलं.

व्हिल्यावर गेले तेव्हा ससे खुराड्यात उपाशी होते. शहरात लोक खुबूसच्या रोटीसाठी सकाळपासून बेकरीसमोर रांगा लावत होते आणि इथे चार ससे एका सापासाठी ठेवलेले. आमच्या वरच्या मजल्यावर रत्नागिरीकडचं एक मुसलमान कुटुंब राहायचं. त्यांची आई, तिला मी खाला म्हणायचे, मोठी धीराची बाई. तीन ससे मी तिच्या हवाली केले. तिच्या मुलाने ते हलाल केले, आणि खालाने नारळ नसताना नुसत्या कांद्यावर कालवण करून आमच्या मजल्यावरच्या तीनही घरांत वाटलं. चौथा ससा मी स्वतः मारला. डाव्या हातात मागचे पाय, उजव्या हाताने मान, एक झटका. त्याला कळायच्या आत झालं.

अजगराने तो घेतला नाही. त्याला धडपडणारं भक्ष्यच माहीत होतं. मी ससा काढून घेतला आणि दवाखान्याच्या फ्रीजरमध्ये ठेवला. आठवड्याने पुन्हा गरम पाण्यात घालून चिमट्याने हलवत धरला, तरी नाही. मग मात्र एका दुपारी, मी सशाचं नाक त्याच्या थोबाडाशी हलकेच घासल्यावर, त्याने जीभ बाहेर काढली, थांबला, आणि घेतला. ना किंकाळी, ना धावपळ. मी जमिनीवर बसून तो ससा आत जाताना पाहत राहिले आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. त्यानंतर दवाखान्याच्या गोदामात सापळ्यात सापडणारे उंदीर त्याला पुरायचे.

थंडी पडायच्या सुमारास मी एकदा व्हिल्यावर असताना शिपाई आले. लुटायलाच आले होते. दार उघडंच होतं, म्हणून तोडायचीही गरज पडली नाही. टीव्ही, गालिचे, स्वयंपाकघरातली भांडी बाहेर जायला लागली. मग एकाने पेटी पाहिली आणि बाकीच्यांना हाक मारली. ते गोळा झाले. एकाने मला हाताने खूण करून विचारलं, खातो का? मी मोडक्यातोडक्या अरबीत म्हटलं, मरीद, आजारी आहे, आताच खाल्लंय. त्यातलं एक खोटं होतं, एक खरं. एक जण बाहेर जाऊन अंगणातलं मांजर मानेला धरून घेऊन आला आणि आत टाकलं.

मांजर काचेवर उड्या मारायला लागलं. अजगर वेटोळं करून पडून राहिला, कारण त्याच्या पोटात उंदीर होते. मांजराने त्याच्या जुन्या जखमेच्या वणावर पंजा ओढला. शिपाई हसले. मी तो हशा ओळखला. पुण्याचा असो की कुठल्याशा इराकी गावचा, त्यात काही फरक नव्हता. यांच्या खांद्यावर बंदुका होत्या म्हणून मी गप्प राहिले, आणि गप्प राहावं लागलं याचा राग माझ्या पोटात अजून आहे. काही घडत नाही म्हटल्यावर ते कंटाळले. जाताना पेटीवरचा ऊब देणारा दिवा उपटून घेऊन गेले. मी झाकण उघडलं तसं मांजर माझ्या हातावर ओरखडे काढून पळालं.

दिव्याशिवाय तो तिथे जगला नसता. नवऱ्याने उशांचे अभ्रे जोडून पिशवी शिवली आणि आम्ही दोघांनी अजगराला घरी आणलं. खूप दिवसांत आमच्यात मोकळं बोलणं झालं नव्हतं; त्या दिवशी पिशवीचं एकेक टोक धरून जिना चढताना तो म्हणाला, "चूक तुझी नव्हती, साहेबांची होती. पण मी तेव्हा तुझ्या बाजूने बोलायला हवं होतं." मी माझं टोक वर उचललं. जिन्यात ओझं होतं.

पुढे लढाई सुरू झाली, वीज गेली, तेलविहिरींच्या धुराने दुपारी काळोख व्हायला लागला. थंडीत सापाला पचत नाही, म्हणून मी त्याला खायला देणं बंद केलं. रॉकेलच्या शेगडीवर तापवलेलं पाणी बाटल्यांत भरून त्याच्या खोक्यात ठेवायची. खाला म्हणायची, माणसांना पाणी नाही आणि तू सापाला शेकतेस. पण आपल्या घरची एक गोधडी तिनेच आणून दिली.

इराकी हटल्यावर उन्हाळ्यात साहेब परत आले. कंपनीला माणसं हवी होती. एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले, बरोबर कंपनीतला एक नवा अधिकारी आणि हातात भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका. आम्ही कसे आहोत हे त्यांनी विचारलं नाही. अजगराकडे पाहून म्हणाले, फारच वाळलाय, मेलेलं खाऊन मेल्यासारखा झालाय. मग त्या अधिकाऱ्याला म्हणाले, थांबा, आता गंमत दाखवतो, आणि खोका उघडायला लागले. आत ससा होता.

मी खोका त्यांच्या हातातून घेतला आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. परत येऊन म्हटलं, "अजगर मिळणार नाही."

"माझा आहे तो."

"तुमचा होता. तुम्ही त्याला काचेत कोंडून बसमध्ये बसलात."

ते म्हणाले, मी पोलिसात जाईन. मी म्हटलं, जा. शहरभर घरं जळाली आहेत, माणसं बेपत्ता आहेत, तिथे रांगेत उभं राहून सांगा की एका बाईने माझी गंमत पळवली. त्या अधिकाऱ्याने खाली पाहिलं. माझा नवरा दाराशी गेला, दार पूर्ण उघडलं आणि धरून उभा राहिला. दोघे निघून गेले. ससा मी खालाला दिला. तिने त्याचं काय केलं ते विचारलं नाही.

पोलीस आले नाहीत. दवाखाना पुन्हा उघडल्यावर अजगराला मी तिथल्या पेटीत हलवलं. काही महिन्यांनी साहेबांची बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी वहिनी दवाखान्यात आल्या, एकट्या. अजगर बघायचाय म्हणाल्या. त्याला खायला द्यायचीच वेळ झाली होती. माझ्या मनात आलं, यांना बाहेर काढावं. पण मग वाटलं, बघू देत.

मी कोमट पाण्यातून उंदीर काढला, पुसला, चिमट्यात धरला. अजगराने जीभ काढली, मान पुढे केली, आणि घेतला. खोलीत पाण्याच्या थेंबांचा तेवढा आवाज.

"एवढंच?" वहिनींनी विचारलं.

"एवढंच."

त्या पेटीच्या जवळ सरकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मला ते कधीच बघवायचं नाही हो. दर शुक्रवारी मी दुसरीकडे पाहायचे."

इतका राग मला साहेबांचाही आला नव्हता. म्हटलं, "पडदे तुम्ही ओढत होता, वहिनी."

"सगळे हसत होते," त्या म्हणाल्या. "मी एकटीने काय करायचं?"

त्यांचे डोळे भरून आले होते. मला कीव यायला हवी होती, पण आली नाही. मी चिमटा धुवायला घेतला, आणि त्या पायऱ्या उतरून जाईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.