बोरघाटात ऐकलेलं आवतन

भूत, चकवा, हडळ – या भानगडींवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. मी वायरमन होतो. "करंट तरी कुठे दिसतो, पण असतो ना?" असं कुणी मला ऐकवू नये... करंट मीटरवर दिसतो, आणि चुकलात तर हातावरही दिसतो. त्यामुळे खाली लिहितोय ते वाचून मला कुणी देवभोळा म्हातारा समजू नका. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव रोज वाचतो. बहुतेकांत कुणीतरी घाबरतं, ताप येतो, अंगारा लावला की बरं होतं आणि गोष्ट संपते. आमची संपली नाही, म्हणून एका बोटाने टाइप करत बसलोय.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. तेव्हा नवी मुंबई हे नावही नव्हतं. आमचं गाव नावडे – भाताची खाचरं, पलीकडे मिठागरं आणि खाडी. माझा दोस्त हसुराम करंजाड्याचा. त्याच्या बापाने लष्कराच्या लिलावात निघालेली जुनी जीप घेतली होती, आणि पंचक्रोशीत हसुरामचा भाव एकदम वधारला होता. त्याचं लग्न माझ्या धाकट्या बहिणीशी, सोनीशी ठरलं होतं. सुपारी फुटली होती, तांदूळ निवडून झाले होते. सोनी खूश होती. मला कधी बोलली नाही, पण जीपचा आवाज आला की हातातलं काम टाकून पडवीत यायची, हे सगळ्या घराला माहीत होतं.

लग्नाला काही दिवस होते. हसुराम म्हणाला, "एकदा जीपनं म्हाबळेश्वर बगून येव. मंग हाय तो संसारच." आम्ही तिघे निघालो – हसुराम, मी आणि करंजाड्याचाच जोमा. आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी बांधून दिली. पनवेल, चौक, खोपोली... हवा भरलेल्या फुग्यासारखे आम्ही तिघे. जोमा वाटेत दिसेल त्या बैलगाडीवाल्याला हाका मारत होता. डोंगर लांबून रोज बघायचो, पण त्याच्या अंगावर चढणारी ही आमची पहिलीच खेप.

बोरघाटात अर्ध्यावर जीप तापली. बॉनेटमधून वाफ यायला लागली. हसुरामने कडेला घेतली, मी मागच्या चाकाला दगड लावला, जोमाने गोणपाट भिजवून रेडिएटरवर टाकलं. ऊन रणरणत होतं. रस्त्यावर दुसरी गाडी नाही, आसपास घर नाही, खाली नुसती दरी. आम्ही भाकरीचं गाठोडं सोडलं.

आणि दरीतून गाणं आलं.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. आमच्या आगरी लग्नात पूर्वी भटजीपेक्षा धवलारीण मोठी. लग्नाची गाणी – धवले – म्हणत एकेक विधी ती पार पाडायची. हळदीच्या आधी ती आवतन म्हणते, म्हणजे गणपतीला, गावदेवीला आणि मग घरातल्या मेलेल्या माणसांना नावं घेऊन मांडवात जेवायला बोलावते. एकही नाव राहून चालत नाही, आणि जिवंत माणसाचं नाव तर चुकूनही येता कामा नये. म्हणून धवलारीण लग्नाआधी त्या घरी जाऊन म्हाताऱ्या माणसाकडून सगळी नावं वदवून घेते.

दरीतून येत होतं ते आवतन. आणि आवाज बायजाआयचा होता. ती आमच्या गावची धवलारीण, सोनीच्या लग्नात दोन्ही घरी तीच गाणार होती. मी जन्मापासून तो आवाज ऐकलेला. ओळीच्या शेवटी ती घसा खरवडल्यासारखा एक सूर ओढायची, तो तसाच.

"यो बायजाआयचा आवाज ना रं?" मीच म्हणालो.

"खाली ठाकरवाडी असंल," जोमा म्हणाला. "त्यांची बाई गात असंल." पण त्याच्या हातातली भाकरी हातातच राहिली होती.

मग नावं सुरू झाली. गोमा – हसुरामचा आजा. धर्मा – त्याचा चुलता, खाडीत बुडालेला. हिरू... हे नाव मी कधी ऐकलंच नव्हतं. हसुरामचा चेहरा उतरला. "माजी भईन," तो म्हणाला. "बारशाआदीच गेली. आयनी नुसता घरातल्या घरात नाव ठेवला होता. भायेर कुनाला म्हाईत नाय."

त्यानंतर आवाज जरा थांबला. आणि स्वच्छ, एकेक अक्षर सुटं करून म्हणाला – हसुराम.

पुढे काही नाही. वाऱ्याचाही आवाज नाही. मी कठड्यापर्यंत गेलो, खाली वाकून पाहिलं. खडक, वाळलेलं गवत, करवंदीच्या जाळ्या. माणूस तर सोडा, जनावरही नव्हतं. मी दोन-तीनदा हाक मारली. माझीच हाक परत आली.

हसुराम जीपला टेकून उभा होता. "तिनी माजा नाव घेतला. मेलेल्यांत घेतला."

"अरं, उन्हाचा भास हाय," मी म्हणालो.

"तिघांना? एकच भास?"

रेडिएटर धड थंडही न होऊ देता त्याने त्या अरुंद वळणावर जीप मागे फिरवली. म्हाबळेश्वर तिथेच राहिलं. खोपोलीत चहा समोर आल्यावर जोमाने तोंड उघडलं, आणि त्या तोंडाला मी आजही माफ केलेलं नाही. तो म्हणाला, "हसू, पोरीचा पायगुन बरा नसंल रं."

मी त्याची कॉलर धरली. "माझ्या भईनीचा काय संबंध? तिचं नाव तरी आलं का त्यात?" हसुराम मध्ये पडला. पण तो 'जोमा, गप बस' असं म्हणाला नाही. तेव्हाच मी समजायला हवं होतं.

आम्ही घरी पोचेपर्यंत दिवस मावळला नव्हता, आणि दिवे लागायच्या आत सगळ्या करंजाड्याला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांना घेऊन बायजाआयच्या दारात गेलो. ती अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. काल दिवसभर ती शेजारच्या बायकांबरोबर मिठागरावर होती, हे त्या बायकांनीच सांगितलं. मी घडलेलं सांगितलं. 'हिरू' नाव ऐकून ती चपापली. "मी आजून त्यांच्या घरा नावा इचारायला गेलेच नाय," ती म्हणाली. "या नाव मना कसा म्हाईत आसनार?"

मग तिने पदर खोचला आणि आमच्याबरोबर थेट करंजाड्याला आली. हसुरामचा बाप ओटीवर बसला होता. त्याने तिला वर ये म्हटलं नाही. ती अंगणातूनच बोलली, "दादा, ते मी गायले नाय. आन कुनी गायला आसंल तरी नावा तुमच्या घरची, मेलेली मानसा तुमची. परक्या पोरीवर कनाला ढकलता?"

"मना एकच पोर हाय," तो म्हणाला आणि आत गेला. हसुराम दाराआड उभा होता. मला दिसला. बाहेर आला नाही.

लग्न मोडलं. वर्षाच्या आत हसुरामने जोमाच्या बहिणीशी लग्न केलं. कसं केलं माहिताय? पनवेलहून भटजी आणला. धवले नाहीत, आवतन नाही. नावं घ्यायचीच नाहीत – म्हणजे प्रश्नच मिटला! ही पळवाट त्यांना सोनीच्या वेळी सुचली नाही. का नाही सुचली, हे मी जोमाला भर पनवेल बाजारात विचारलं. तो माझ्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला, "कनचा आवाज? मी तं काय आयकला नाय." आजूबाजूचे हसले. बहिणीचं लग्न मोडलं म्हणून वेडा झालाय, असं झालं माझं.

मला कधी कधी वाटतं, हा सगळा जोमाचा डाव असता तर किती बरं झालं असतं. निदान राग ठेवायला एक जागा मिळाली असती. पण तो माझ्या शेजारी उभा होता, त्याचे ओठ मिटलेले होते, आणि हिरूचं नाव त्यालाही माहीत नव्हतं. मला त्या दरीतल्या आवाजाची भीती वाटली नाही, खरंच नाही. आवाज काय, आला आणि गेला. जे करायचं ते माणसांनी केलं.

सोनीला नंतर तीन-चार स्थळं आली. प्रत्येक वेळी चौकशीत कुणीतरी 'घाटातली गोष्ट' सांगायचं. मग यायची थांबली. तिने मिठागरावर टोपल्या वाहिल्या, पुढे नवी मुंबईसाठी जमिनी गेल्यावर शाळेत आया म्हणून लागली. आता खांदेश्वरला माझ्याच घरी असते. हसुराम चांगला ऐंशी ओलांडून, नातवंडं बघून, अंथरुणात झोपेत गेला. जमिनीचे पैसे, दोन बिल्डिंगा, सगळं भोगून. ज्याचं नाव मेलेल्यांत घेतलं गेलं, तो आमच्या पिढीत सगळ्यांत निवांत जगला!

तो गेल्याचं मी सोनीला सांगितलं तेव्हा ती कोळंबी सोलत होती. हात थांबला नाही.

"बरा झाला, जगला," ती म्हणाली. मग पुढची कोळंबी उचलत म्हणाली, "दादा, तवाच लगीन होऊन तो मेला आसता, तं लोक मना रांड बोल्ली आसती. पन कुनाची ते तरी सांगता आला आसता."

तो आवाज कुणाचा, ते नाव त्याला कुठून कळलं, तिघांनाही एकच कसं ऐकू आलं – मला काहीच माहीत नाही, आणि कुणी शास्त्र किंवा मंत्र सांगायला येणार असेल तर कृपा करून येऊ नका. त्या दिवशी करंजाड्यात सगळे एकमेकांना विचारत होते की आता काय करायचं. 'हे लग्न तुला करायचंय का', असं सोनीला कुणी विचारलं नव्हतं. सोनी तर म्हणते, विचारलं असतं तर मी 'हो'च म्हणाले असते.