गुलालाच्या आड

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण. दुसरं कारण — नाही, दुसरं काही नाही.

वेगळ्या राजकीय मताच्या माणसाशी आदरानं कसं बोलावं, या विषयावर मी भाषणं देतो. हसू नका. लोहाऱ्यापासून तुळजापूर-वाशीपर्यंत शाळा-कॉलेजांत मला बोलावतात. शाल, नारळ, आणि माझी दहा मिनिटं ओळख — ती ऐकताना कुणीतरी थोर माणूस नुकताच वारला असं वाटतं. फ्लेक्सवर माझा फोटो असतो, उजवा हात वर केलेला. लोकांना वाटतं, मुद्दा मांडतोय. मला त्या हाताबद्दलच सांगायचंय.

महालिंगआप्पांचं लोहाऱ्यात दोरखंडाचं दुकान आहे. दावी, कासरे, जाड सोल, सुतळी. दुकानाला दगडी पायरी, पायरीशेजारी बाकडं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझी रोजची सकाळ त्या बाकड्यावर जाते. आप्पा एका पक्षाचे, मी दुसऱ्या. पक्षांची नावं सांगत नाही. सांगितली तर जे घडलं ते बरोबर की चूक हे तुम्ही नावावरूनच ठरवाल.

बाकड्याचा एक नियम होता, मीच केलेला. अडकित्ता ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं. तो सुपारी कातरत बोलणार, बाकीचे तोंडात पान धरून ऐकणार. तोंड भरलेलं असलं की माणूस नाइलाजानं का होईना, दुसऱ्याचं ऐकतो. बारा वर्षं आम्ही असे भांडलो आणि एकदाही आवाज चढला नाही. गावाला त्याचं कौतुक. मला तर फारच.

गेल्या निवडणुकीआधीची गोष्ट. तलावाच्या कामाची मंजुरी आमच्याच उमेदवारानं आणली, असं मी ठासून सांगत होतो. मग अडकित्ता आप्पांकडं गेला. त्यांनी गल्ल्याचा खण उघडला, आत पाहिलं, परत लावला.

"गुरुजींचं बरोबर हाय," ते म्हणाले. "आज आमी हरलो."

मी घरी जाऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी उमरग्याला निघालो होतो, दत्ताच्या काळी-पिवळी जीपमधून. दत्ता माझा जुना विद्यार्थी, आमच्याच पक्षाचा. गिअर टाकता टाकता तो म्हणाला, "गुरुजी, काल आप्पानं तुमाला सोडलं बगा!"

"म्हणजे?"

"मंजुरीचा कागद खणातच व्हता की. त्यांच्या साहेबाच्या टायमाचा. तुमी यायच्या आदी आमा समद्यांना दावला. वर म्हनले, गुरुजींपुढं कुनी काढायचा न्हाय. म्हातारं मानूस, मन मोडंल."

पुढच्या सीटवर चौघं होती. आधी दत्ता हसला, मग बाकीची. मीसुद्धा हसलो.

आता तुम्हीच विचार करा — आप्पांनी काय केलं होतं? वेगळ्या मताच्या माणसाचा मान राखला होता. आज मी माइकवरून जे सांगतो, तेच. त्यांनी मला चारचौघांत हरवलं असतं तर मी दुसरे कागद शोधले असते, भांडलो असतो. पण त्यांनी मला सांभाळून घेतलं! त्यांच्या दुकानात लटकणाऱ्या सोलानं त्यांचा गळा आवळावा असं मला वाटलं. हा अलंकार नाही. कुठला सोल, तेही मी ठरवलं होतं. पुढचे आठ दिवस मी रोज त्याच बाकड्यावर बसलो, पान खाल्लं, मान डोलावली, आणि त्या सोलाकडं बघत राहिलो.

निकाल लागला. आमचा उमेदवार आला. भर दुपारी मिरवणूक निघाली — पुढं हलगी, मागं डीजे, आणि जेसीबीच्या बकेटमधून खाली कोसळणारा गुलाल. पाच मिनिटांत कुणाला चेहरा उरला नाही. पडलेल्या पक्षाच्या माणसाच्या दारात थांबून नाचायचं, ही आमच्याकडची रीत. मिरवणूक दोरखंडाच्या दुकानापुढं थांबली. शटर ओढायला आप्पा पायरीवर आले होते. कुणीतरी ओंजळभर गुलाल त्यांच्या तोंडावर मारला. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि हसत हात जोडले. जिंकलेल्यांना नमस्कार.

माझ्या हातात झेंड्याची काठी होती. कुणीतरी दिली होती — नाही. मीच मागून घेतली होती.

पहिला फटका डाव्या कानावर बसला. दुसरा गळ्याच्या हाडावर. ते मोडलेलं मला ऐकू आलं नाही, काठीतून हाताला कळलं. "यव्वा!" आप्पा किंचाळले. घरी ते कन्नड बोलत, पण बारा वर्षांत माझ्यापुढं त्यांच्या तोंडून कन्नड शब्द आला नव्हता. ते पायरीवर आडवे झाले. कानाखालचा गुलाल ओला झाला, मग काळा. डीजे चालूच होता. आजूबाजूचे नाचतच होते, आणि नाचणाऱ्याचा एक पाय आप्पांच्या बोटांवर पडलेला मी पाहिला.

शेजारी दत्ता होता, डोळे मिटून नाचत. "धर जरा," म्हणून काठी त्याच्या हातात दिली आणि मी गर्दीत शिरलो. चुकून दिली का? नाही. शेजारी म्हणालो, तेही खरं नाही. चार माणसं ओलांडून मी दत्ताला शोधला. जीपमध्ये पहिल्यांदा तोच हसला होता.

दत्ता रक्त लागलेल्या काठीसकट सापडला. काठी कुणी दिली, हे त्याला सांगता येईना. गुलालात माणूस ओळखणार कसा?

सोलापूरच्या दवाखान्यात मी आप्पांना भेटायला गेलो. होय, गेलो. मोसंबी घेऊन.

"गुरुजी, तुमी व्हता तितं," ते म्हणाले. "दत्ताच का हो? पोरगं तसलं वाटत न्हाय मला. तुमी न्हाय म्हना, मी त्याचं नाव घेत न्हाय."

"असंल," मी म्हणालो.

एवढंच. एक शब्द. दत्ता महिनाभर आत होता. बाहेर येईपर्यंत जीप विकली गेली. खटला अजून चालू आहे. तारखेला जाताना मी दिसलो की तो वाकून नमस्कार करतो. आप्पांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून मी आता त्यांच्या उजवीकडं बसतो. विरोधी पक्षाच्या माणसाला मी अंतर दिलं नाही, याचं गावाला कौतुक वाटलं, आणि भाषणांची बोलावणी तेव्हापासून सुरू झाली. पहिल्या भाषणाला आप्पा गळ्यात हात बांधून पुढच्या रांगेत बसले होते. टाळ्या वाजवता येईनात, तर मांडीवर थाप मारत होते.

अजून एक राहिलं. इथवर आलो तरी ते टाळतच होतो.

फिर्यादीत दोन फटके लिहिलेत. जखमा दोन, म्हणून फटके दोन. आप्पांनाही दोनच आठवतात. मी तीन मारले. तिसऱ्याच्या आधी थांबलो होतो. श्वास घेतला, काठी दोन्ही हातांनी धरली, आणि पायरीवर पडलेल्या डोक्याचा नेम धरला. आप्पा त्याच क्षणी कुशीवर वळले. काठी दगडावर आपटली आणि टोकाला चिरली. राग तेव्हा ओसरला होता. मारतोय कुणाला, ते मला स्वच्छ दिसत होतं.